फ्यूजवहिनीची घंटा

निम्मे अभ्रे इस्त्री होऊन खुर्चीच्या पाठीवर शहाण्यासारखे बसले होते. निम्मे टोपलीत चुरगळून पडले होते. आणि मधला एक, अर्धा गुळगुळीत, अर्धा सुरकुतलेला, टेबलावर पसरून त्याच्या घडीखाली फ्यूजवहिनी भलतेच काहीतरी दाबत होती. इस्त्रीवर दोन्ही हातांचा भार, ओठ आवळलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

पहाटेची पावाची गाडी फिरवून आलेला नवरा आंघोळ उरकून, हातात शर्ट धरून दारात उभा राहिला.

"आली का माझी पाळी?"

"थांबा हो. आता इस्त्री हलली तर सगळं वाकडं छापलं जाईल."

"अभ्र्यावर काय छापतेस?"

"अभ्र्यावर नाही, अभ्र्याखाली."

तिने घडी उलगडली. खाली तळहाताएवढी एक पट्टी होती, तिच्यावर तांब्याचा पातळ थर आणि त्याला चिकटलेला गुळगुळीत कागद. कागदावर तिने स्वतः आखलेले वायरींचे चित्र झेरॉक्सच्या दुकानातून उलटे छापून आणले होते. इस्त्रीच्या धगीने शाई कागद सोडते आणि तांब्याला धरते. मग पट्टी आम्लाच्या पाण्यात टाकायची. उघडे तांबे विरघळून जाते, शाईखालचे तेवढे उरते, आणि उरलेल्या त्या बारीक रेघा म्हणजेच वायरी. झाले घरच्या घरी सर्किट.

पट्टी छान उतरली होती. अभ्र्यावर मात्र सासूबाईंनी भरलेल्या निळ्या फुलाशेजारी इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उमटला होता.

"आईचा अभ्रा!" नवऱ्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "तुझं सर्किट जुळायचं तेव्हा जुळेल, सासूसुनेचं तुटलं म्हणून समज."

"तुम्ही तोंड उघडलं नाहीत तर नाही तुटणार," ती म्हणाली आणि डागाचा भाग आत येईल अशी अभ्र्याची घडी घालून तो टोपलीच्या तळाशी सारला.

फ्यूजवहिनी हे काही तिचे आईवडिलांनी ठेवलेले नाव नव्हे. ते धाकट्या दिराने ठेवले. ती लग्न होऊन या घरात आली त्या संध्याकाळी पाहुण्यांनी घर भरले होते आणि वीज गेली. घरातले पुरुष मेणबत्ती कुठे ठेवली यावरून एकमेकांवर खेकसत होते, तेवढ्यात नवी नवरी स्टुलावर चढली, फ्यूजचे भांडे ओढून काढले, केसांतल्या पिनेने जळकी तार उकरली, नवी बसवली आणि खाली उतरून पुन्हा खाली मान घालून बसली. कॉलेजात जाणारा दीर ओरडला, "अरे, ही तर फ्यूजवहिनी!" तेव्हापासून गल्लीतले भाजीवालेसुद्धा तिला त्याच नावाने ओळखतात.

तिच्या वडिलांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. इतर मुली भातुकली मांडत तेव्हा ही दुकानाच्या फळीखाली बसून बिघडलेल्या रेडिओंचे पोट उघडायची. सासरी आल्यावर दुकान सुटले, हात सुटला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचे लहान टेबल तिचे. तिथे शेजारणींचे मिक्सर येतात, कुणाची इस्त्री येते, कुणाच्या नातवाची बोलकी बाहुली येते. देवावर तिची श्रद्धा साधी आणि घट्ट. कुठलेही काम झाले की प्लग लावण्याआधी ती डोळे मिटते, हात जोडते आणि म्हणते, "देवा, यश तुझं, चूक माझी." नवरा म्हणतो, "आणि शॉक बसला तर तो कुणाचा?" ती म्हणते, "जवळ उभा असेल त्याचा."

आता ही सगळी खटपट कशासाठी, तर सासूबाईंसाठी.

घर दोन भागांत आहे. पुढे स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या खोल्या. मध्ये अंगण. अंगणापलीकडे सासूबाईंची खोली आणि तिला लागून न्हाणीघर. ही मागची खोली सासूबाईंनी आणि सासऱ्यांनी सगळ्यांत आधी बांधली, संसार तिथेच मांडला, पोरे तिथेच रांगली. पुढचे घर नंतर आले. तुम्ही पुढे या, असे कितीदा सांगून झाले, पण सासूबाईंचा हेका कायम. "माझी कुंड्यांची रांग इथे आहे, माझी पायरी इथे आहे. पायरीवर बसलं की भिंतीपलीकडची बाई बोलायला येते. तुमच्या स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलू का मी?"

आणि मग त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. पुढे मिक्सर फिरत होता, नवऱ्याचा रेडिओ गात होता. सासूबाई हाका मारून मारून थकल्या. शेवटी भिंतीपलीकडच्या बाईनेच ऐकले आणि ती धावत आली. देवाची कृपा, हाड मोडले नाही. पण परगावी असणाऱ्या धाकट्या मुलाच्या काळजाचे पाणी झाले. तो म्हणाला, "वहिनी, राग नाही कुणावर. पण आई पडली आणि कुणाला कळलं नाही, हे मला झोपू देत नाही. मी तिला माझ्याकडे नेतो."

त्याचे घर आठव्या मजल्यावर. सासूबाई तिथे एकदा राहून आल्या होत्या. "तिथे खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात," एवढेच त्या सांगायच्या आणि उठून आपल्या पायरीवर जाऊन बसायच्या. 

उपाय करून पाहिले नव्हते असे नाही. दिराने बाजारातली तयार घंटा पाठवली, तर शेजाऱ्यांच्या फाटकाची घंटा वाजवली की हीपण वाजायची. त्यांच्याकडे पाहुणा आला की फ्यूजवहिनी हातातले टाकून अंगणातून पळायची. मोबाइल दिला, तर सासूबाईंचे बोट कुठेही पडायचे. एकदा त्यांनी धाकट्या मुलाच्या साहेबांनाच फोन लावला आणि म्हणाल्या, "अरे, तो वरचा डबा माझ्याच्याने निघत नाही, लवकर ये." साहेब सज्जन होते. त्यांनी विचारले, "कुठे येऊ?"

पण सासूबाईंचे खरे दुखणे वेगळेच होते. त्या एकदा म्हणाल्या, "अगं, बटण दाबलं तर तिकडे वाजत असेलही. पण माझी हाक पोचली की नाही, हे मला इकडे कसं कळायचं?"

हे वाक्य फ्यूजवहिनीच्या मनात जाऊन बसले. तिने कागद घेतला आणि आखायला लागली. सासूबाईंनी बटण दाबले की स्वयंपाकघरात घंटा वाजेल. स्वयंपाकघरातून आपण उलट बटण दाबले की सासूबाईंच्या उशाशी हिरवा दिवा लागेल. हिरवा दिवा म्हणजे ऐकलं, येतेय.

त्यासाठी अशा पट्ट्यांवर जुळवलेले दोन बोर्ड हवेत, दोन्हींवर एकेक लहानसे रेडिओचे यंत्र, एकमेकांशी बिनतारी बोलणारे. पुढचा बोर्ड झाला होता. मागचा बाकी होता, आणि दीर दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याने फोनवर स्वच्छ सांगितले होते, "वहिनी, मी येतो, आई बटण दाबेल. वाजलं तर मी गप्प. नाही वाजलं तर तिची बॅग भरायची. कबूल?"

"कबूल," फ्यूजवहिनी म्हणून बसली होती.

दुपारपर्यंत पट्टी आम्लातून निघाली, घासून झाली, बारीक भोके पडली. मग सोल्डरिंग. तापलेल्या टोकाला कथिलाची तार टेकवायची, थेंब वितळून सुट्या भागाच्या पायाभोवती बसायचा. घरभर तो ओळखीचा जळका वास पसरला. नवरा खिडक्या उघडत फिरला.

हात जोडून, "यश तुझं, चूक माझी" म्हणून तिने दोन्ही बोर्ड टेबलावर शेजारी शेजारी चालू केले. प्रत्येकावर एक निळा ठिपक्याएवढा दिवा होता. तो लुकलुकत असला तर बोर्ड दुसऱ्याला शोधतो आहे, स्थिर झाला तर भेट झाली. दोन्ही दिवे लुकलुकू लागले. लुकलुकतच राहिले.

"काय झालं?" नवरा.

"एकमेकींशी बोलत नाहीत."

"जावा आहेत का?"

"तसंच दिसतंय. पुढचीनं हाक मारली तरी मागची ढिम्म."

"मग तिला काहीतरी लागलं असेल. माहेरचं काही बोलली असशील."

त्याच्याकडे दुर्लक्ष करून तिने भिंग काढले. एका वायरीवर, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी, केसाएवढी चीर होती. अभ्र्याची सुरकुती तिथे आली असणार, शाई तेवढी पोचली नव्हती आणि आम्लाने तेवढेच तांबे खाल्ले होते. मीटरची दोन टोके चिरेच्या दोन बाजूंना लावली. मीटर गप्प. जोड शाबूत असता तर त्याने टीं केले असते. तिने तारेचा इवलासा तुकडा आडवा ठेवून कथिलाने जोडला. मीटर टीं करून ओरडला आणि निळे दिवे दोन्हीकडे स्थिर झाले. मागच्या बोर्डाचे बटण दाबले, घंटा वाजली. पुढचे दाबले, हिरवा दिवा लागला.

"अबोला सुटला!" नवरा म्हणाला. "आता शर्टाला इस्त्री कर."

पण बोर्ड असा उघडावाघडा सासूबाईंच्या खोलीत ठेवायचा कसा? त्या स्वतःच अंगणातून हळूहळू आल्या आणि हातातला डबा पुढे केला. जुना पत्र्याचा डबा, चौकोनी, घट्ट झाकणाचा. त्यांच्या शिवणाच्या गुंड्या त्यात असायच्या, झाकणावरची रंगीत पाखरे हात लागून लागून पुसट झाली होती.

"यात ठेव तुझं ते. तुझ्या सासऱ्यांनी आणलेला आहे. इतकी वर्षं झाली, आत मुंगी शिरली नाही."

"आई, तुमच्या गुंड्या?"

"गुंड्या काय, वाटीत राहतील. मला हाक मारायला लागणारी वस्तू धड जागी हवी."

फ्यूजवहिनीला भरून आले. तिने डब्याच्या कडेला दोन भोके पाडली, एकातून बटणाची वायर बाहेर काढली, दुसऱ्यात हिरवा दिवा बसवला. बोर्ड आत, झाकण घट्ट. दिसायला असा देखणा की नवराही म्हणाला, "दुकानात ठेव, लोक घेतील."

डबा मागच्या खोलीत उशाजवळच्या कपाटावर गेला. सासूबाई पलंगावर बसल्या, बटण हातात घेतले आणि दाबले.

काही नाही.

पुन्हा दाबले. अंगणात चिमण्या तेवढ्या बोलत होत्या.

"वाजली का?" सासूबाईंनी विचारले.

"नाही वाजली," स्वयंपाकघरातून नवरा ओरडला.

फ्यूजवहिनीने झाकण काढून आत डोकावले. निळा दिवा स्थिर. म्हणजे भेट तर झालेली आहे! मग वाजत का नाही? तिने सेल काढले, डबा उचलून टेबलावर आणला, बोर्ड बाहेर काढला, सेल घातले. वाजली. खणखणीत वाजली.

बोर्ड पुन्हा डब्यात, झाकण लावून मागे नेला. मुकी.

"चालताना हलत असेल," ती स्वतःशी म्हणाली. "एखादा जोड सैल असणार." तिने सगळे जोड एकेक करून पुन्हा तापवले. टेबलावर वाजली. मागे मुकी.

"हिला मागची खोली मानवत नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही आधी जेवून घ्या," ती म्हणाली. याचा अर्थ तोंड बंद ठेवा असा असतो, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली ती नवा विचार घेऊनच. डबा पत्र्याचा. बोर्डाच्या पाठीची तांब्याची टोके पत्र्याला टेकत असतील आणि वीज भलत्या वाटेने पळत असेल. झालेच! तिने नवऱ्याच्या जुन्या चपलेचा रबरी तळवा कापून डब्याच्या बुडाशी अंथरला.

"ती चप्पल मी वापरतो," नवरा म्हणाला.

"आता आई वापरतील."

बोर्ड आत ठेवला, उघडा डबा हातात धरून अंगणात गेली, निळ्या दिव्यावर नजर खिळवून. स्थिर. कुंड्यांपाशी, स्थिर. पायरीवर, स्थिर. खोलीत, कपाटावर, स्थिर. तिचा जीव भांड्यात पडला. तिने झाकण लावले, बटण सासूबाईंच्या हातात दिले आणि पळत स्वयंपाकघरात येऊन घंटेसमोर उभी राहिली. घंटा आपली भिंतीवर गप्प, जणू काही ती कुणाला ओळखतच नाही.

फ्यूजवहिनीने खरोखर हात टेकले. स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आले की आपण उगाच कबूल म्हटले. तयार घंटेवरच दुसरी काही युक्ती केली असती. आपल्या हौसेपायी आईंना आठव्या मजल्यावर पाठवायची वेळ आली. डोळे भरून आले तसे तिने ते बाहीने पुसले आणि मनात म्हणाली, देवा, चूक माझी हे कबूल आहे, पण कुठली ते तरी दाखव.

तेवढ्यात फाटक वाजले. दीर आला होता. अंगाने आता चांगलाच भरलेला, घामाघूम, हातात रिकामी बॅग. ती बॅग पाहून फ्यूजवहिनीचा चेहरा उतरला.

"काय फ्यूजवहिनी! अंधार का तोंडावर?"

"या भाऊजी. पाणी देते."

"पाणी नंतर. आधी घंटा."

सगळी वरात मागच्या खोलीत गेली. नवऱ्याला स्वयंपाकघरात घंटेपाशी उभे केले. सासूबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. बटणावर अंगठा ठेवून त्यांनी मुलाकडे पाहिले आणि दाबले.

शांतता.

"दादा?" दीर ओरडला.

"काही नाही रे," स्वयंपाकघरातून आवाज आला. त्या आवाजातही अपराधीपणा होता.

 बॅग पलंगाच्या पायथ्याशी ठेवून दीर आईशेजारी बसला. "आई, माझ्याकडे तुला काही कमी पडणार नाही गं."

"मला कुठे काही कमी पडतंय?" सासूबाई म्हणाल्या. बटणावरचा अंगठा त्यांनी काढला नव्हता. तो त्या अशा दाबून बसल्या होत्या की जणू काही खोलीच हातातून सुटणार होती.

फ्यूजवहिनीला ते बघवेना. काहीतरी करायचे म्हणून तिने कपाटावरचा डबा ओढला आणि झाकण उचकटले.

आणि पलीकडे घंटा कडाडली.

"वाजली!" नवरा ओरडला. "अगं वाजली! वाजतेय अजून!"

फ्यूजवहिनी दचकली आणि तिने झाकण लावले. घंटा थांबली.

"थांबली!" पलीकडून.

तिने झाकण काढले. कडाडली. लावले. बंद. काढले, लावले, काढले. नवरा प्रत्येक वेळी "वाजली! थांबली! वाजली!" असे ओरडत होता आणि भिंतीपलीकडची बाई भिंतीवरून डोके काढून विचारत होती, "कोण वारलं का काय?"

फ्यूजवहिनी झाकण हातात धरून मटकन खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की चष्मा काढावा लागला.

"काय झालं ते सांग तरी," सासूबाई म्हणाल्या. अंगठा अजून बटणावरच.

"आई, सोडा आता बटण. अहो, पत्रा! चहूबाजूंनी पत्रा आणि वरून घट्ट झाकण. रेडिओची हाक बाहेर पडणार कुठून? माझ्या वडिलांकडे गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, रेडिओ खरखरतो म्हणून. वडील पहिलं विचारायचे, लोखंडी कपाटात तर ठेवत नाही ना? फळीखाली बसून मी हे रोज ऐकलंय. आणि मीच डब्यात कोंडलं."

"पण तू आत बघत होतीस की कालपासून," सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर! आत बघायचं म्हणजे झाकण काढायचं. झाकण काढलं की सगळं ठीक. म्हणून मला वाटायचं आत काही बिघाड नाही. आणि लगेच झाकण लावायची. ते लावताना मला कळतसुद्धा नव्हतं."

ते कसे कळणार? या घरात उघडा डबा कुणी पाहिलेला नाही. साखर काढली की झाकण, मीठ काढले की झाकण, बोलता बोलता, दुसरीकडे पाहता पाहता झाकण. फ्यूजवहिनी नवी होती तेव्हा सासूबाई तिच्यामागे फिरून डबे झाकायच्या आणि म्हणायच्या, "पोरी, डबा उघडा राहिला की मला जेवण जात नाही." आता सुनेचा हातच तसा झाला होता. सासूबाईंनी लावलेले वळण सासूबाईंच्याच वाटेत आले होते.

"म्हणजे झाकण न लावता ठेवायचं," दीर म्हणाला. "सोपं आहे."

"उघडा?" सासूबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा कॉलेजातला पोरगा झाला. "धूळ जाईल, मुंग्या जातील. माझ्या उशाशी उघडा डबा? त्यापेक्षा चल, भर बॅग."

पुन्हा अडले. प्लॅस्टिकचा डबा आणावा, तर सासूबाईंना हाच डबा हवा. सासऱ्यांचा. फ्यूजवहिनी क्षणभर पाखरांच्या झाकणाकडे पाहत राहिली. मग उठली, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि टोपलीच्या तळाशी सारलेला तो अर्धवट इस्त्रीचा अभ्रा घेऊन आली.

"आई," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं."

सासूबाईंनी अभ्रा उलगडला, डाग पाहिला, मग सुनेकडे पाहिले.

"कधी जाळलास?"

"काल. सर्किट छापताना."

"आणि लपवलास."

"घडी घातली होती," दारात येऊन उभा राहिलेला नवरा म्हणाला. "मी काही बोललो नाही हं, आई."

"तू कधी काय बोलतोस! कात्री आण."

त्या दोघींनी मिळून डाग तेवढा कापून टाकला. उरलेल्यातून निळे फूल बरोबर मध्ये येईल असा चौकोन काढला, डब्याच्या तोंडावर ताणून बसवला आणि सासूबाईंनी स्वतःच्या हाताने नाडी गुंडाळून गाठ मारली. बरणीला दादरा बांधतात तसा. धूळ अडली, मुंगी अडली, आणि रेडिओची हाक अडायला आता वर पत्रा नव्हता, कापड होते. दिवा आणि बटणाची वायर आपापल्या भोकांतून बाहेर.

दाबले. घंटा कडाडली. पलीकडून नवऱ्याने उत्तराचे बटण दाबले असावे, कारण डब्याच्या कडेला हिरवा दिवा उमलला.

सासूबाई दिव्याकडे पाहत राहिल्या. पुन्हा दाबले, पुन्हा दिवा.

"ऐकतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी इथे बसून दाबलं आणि त्यांनी ऐकलं, हे मला इथे दिसलं."

दीर मान हलवत होता, पण पुरता राजी नव्हता. तो उठला, चपला काढल्या आणि न्हाणीघरात जाऊन चक्क फरशीवर आडवा झाला. एवढा मोठा माणूस, पाय दाराबाहेर.

"भाऊजी, हे काय?"

"आई पलंगावर पडली नव्हती, वहिनी. इथे पडली होती." छताकडे पाहत तो गंभीरपणे बोलत होता. "आता मी पडलोय. आता मी बटण कसं दाबू?"

 त्याने हात लांब केला. तो बादलीला लागला, बादली कलंडली आणि उरलेले पाणी त्याच्या शर्टावर गेले.

"बघ, तुला घसरायचीही गरज पडली नाही," सासूबाई म्हणाल्या.

पण त्याचा मुद्दा बिनतोड होता, आणि फ्यूजवहिनीला राग आला नाही, उलट तो माणूस तिला एकदम जवळचा वाटला. फरशीवर आडवे होऊन आईसाठी विचार करणारा मुलगा सगळ्यांच्या नशिबी नसतो. ती दारात उकिडवी बसली आणि छताकडे पाहू लागली, मग भिंतीकडे, मग पुन्हा फरशीकडे.

"दोरी," ती म्हणाली.

"काय?"

"वर दोरीचा स्विच. खाली ओढला की लागतो, तसा. दोरी फरशीपर्यंत सोडायची, भिंतीच्या कडेनं. कुठेही पडलं तरी हाताला लागेल. बोर्डावर एक जागा मोकळी आहे, वायर तिथे जोडते. तुम्ही आहात तसेच पडून राहा, माप घेते."

"वहिनी, मी भिजलोय."

"थोडं डावीकडे सरका."

तिने शिवणाच्या टेपने माप घेतले. दीर उठला, ओल्या शर्टाने पुढच्या घरात गेला आणि थोड्या वेळाने रिकामी बॅग मोठ्या भावाच्या माळ्यावर टाकून परत आला. "दोरी लागली की मी स्वतः पडून ओढणार," तो म्हणाला. "वाजली तर उद्या मी एकटा जातो. बॅग इथेच राहू दे, हिवाळ्यात आईनं चार दिवस यायचं ठरवलं तर लागेल."

"चार दिवस," सासूबाई म्हणाल्या. "पाचवा नाही."

सासूबाईंचा कप त्यांच्या खोलीत देऊन बाकीचे स्वयंपाकघरात चहाला बसले. चहा चालू असताना घंटा वाजली. फ्यूजवहिनी कप ठेवून अंगणातून धावली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. दिवा बघत होते."

ती परत आली. कप उचलला. घंटा वाजली.

"आता तुमची पाळी," ती नवऱ्याला म्हणाली.

"देवा, यश तुझं, चूक हिची," म्हणत तो उठला आणि जाता जाता उत्तराचे बटण दाबून गेला.

फ्यूजवहिनीने टोपलीतल्या अभ्र्यांकडे पाहिले. ते आणखी एक दिवस चुरगळून राहणार होते. तिने पिशवी घेतली, मापाची टेप तिच्यात टाकली, आणि न्हाणीघरासाठी दोरीचा स्विच आणायला ती विजेच्या दुकानाकडे निघाली.